हल्ली काय ऐकताय? घरच्या श्रवणबैठकीत अल्बम ऐकवण्याची नीट पद्धत

‘हे ऐकच!’ असं लिहून कुणी लिंक पाठवतं. आपण अंगठा दाखवतो आणि विसरतो. महिन्याभराने पाठवणाराही विसरतो. यावर उपाय म्हणून चार टाळकी एकत्र जमवून ‘सध्या मी हे ऐकतोय’ असं एकमेकांना ऐकवायचं ठरतं. मग बैठक भरते आणि फसते. कुणी पंधरा गाण्यांची यादी आणतं, कुणी निम्मं गाणं झाल्यावर ‘थांब, पुढचं ऐक’ म्हणतं, कुणाच्या फोनवरून बागेश्रीच्या मधोमध सिमेंटची जाहिरात वाजते. शेवटी सगळे भजी खाऊन घरी जातात.

आमच्याकडे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी अशी बैठक होते. सुरुवातीच्या पाच-सहा बैठका आम्ही वर सांगितलेल्या सगळ्या मार्गांनी बुडवल्या आहेत, सिमेंटची जाहिरात धरून. आता इतरांच्या घरी बोलावणं येतं तेव्हा त्याच चुका दिसतात, म्हणून ही पद्धत सविस्तर लिहितोय. निम्म्याहून जास्त काम बैठकीच्या आधीचं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

१. अल्बम निवडा: आवडता नको, ‘सध्याचा’ हवा

पहिली चूक इथेच होते. ‘सध्या काय ऐकताय’ विचारलं की माणूस आयुष्यातला सर्वोत्तम अल्बम काढतो. त्याबद्दल त्याची मतं वीस वर्षांपूर्वीच पक्की झालेली असतात. ऐकवणाऱ्याला नवीन काही सापडत नाही आणि ऐकणाऱ्यांना फक्त माना डोलवायच्या असतात.

गेल्या महिन्या-दीड महिन्यात जो अल्बम तुम्ही पुन्हा पुन्हा लावला, तोच आणा. तो १९६७ चा असो की गेल्या आठवड्यातला. अजून तो तुम्हाला पुरता कळलेला नसेल तर फारच उत्तम. बोलायला काहीतरी उरतं.

निवड झाल्यावर तो तीनदा ऐका. एकदा हेडफोनवर, एकटे. एकदा बैठकीत जो स्पीकर असणार त्याच्यावर. आणि एकदा भाजी चिरताना किंवा कपडे वाळत घालताना, म्हणजे लक्ष आपोआप कुठे खेचलं जातं ते कळतं. तिसऱ्या ऐकण्यात हातातलं काम जिथे थांबलं, ती मिनिटं कागदावर लिहून ठेवा. पुढे पायरी ८ मध्ये हा कागद लागणार आहे.

*तपासा:* तिन्ही वेळा अल्बम शेवटपर्यंत ऐकलात का? मध्येच पुढे सरकवलं असेल तर अल्बम बदला. जे तुम्हालाच सलग ऐकवत नाही, ते दुसऱ्याला बसवून ऐकवू नका.

२. वेळेचं गणित मांडा

दोन तासांची बैठक म्हणजे १२० मिनिटं. त्यात तीनच अल्बम बसतात. प्रत्येकी वीस ते पंचवीस मिनिटं वाजवणं आणि दहा मिनिटं बोलणं, म्हणजे शंभरच्या आसपास. उरलेल्या वेळात चहा आणि उशिरा येणारे. सहा जण असाल तर या महिन्यात तिघांनी आणायचं, पुढच्या महिन्यात उरलेल्या तिघांनी. ‘प्रत्येकाने एक-एक गाणं’ हा तोडगा लोकशाहीचा वाटतो, पण तो अंताक्षरीकडे जातो.

वीस-पंचवीस मिनिटं हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. बारा इंची एलपीच्या, म्हणजे लाँग-प्ले रेकॉर्डच्या, एका बाजूला साधारण तेवढंच बसतं, आणि माणसाचा एकाग्र कानही साधारण तेवढाच टिकतो. म्हणून बैठकीचं माप एक बाजू. अल्बम एलपीच्या काळातला असेल तर एक अख्खी बाजू वाजवा. पुढच्या काळातला असेल, सीडीवर चांगला तास-सव्वा तास चालणारा, तर त्यातला सलग तुकडा घ्या. इथून एक, तिथून एक असं वेचू नका. अल्बममध्ये गाण्यांचा क्रम कुणीतरी विचार करून लावलेला असतो. दोन गाण्यांमधली शांतता, एकातून दुसऱ्यात जाताना बदललेली लय, हे सगळं वेचताना गळतं.

रागसंगीतात ही चूक जास्तच महागात पडते. किशोरी आमोणकरांच्या भूप-बागेश्रीच्या एलपीचं उदाहरण घ्या. भूपाच्या बाजूवर आधी ‘प्रथम सूर साधे’ हा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल आहे, मग ‘सहेला रे’. बहुतेक जण थेट ‘सहेला रे’वर सुई टेकवतात, कारण तेच ओळखीचं. पण विलंबितात भूप एकेक स्वर करून उभा राहिलेला असतो, म्हणून तर त्या बंदिशीची पहिली ओळ आल्यावर हायसं वाटतं. तो जिना चढला नाहीत तर गच्चीचं कौतुक कसलं?

७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या, तबकड्या आणणार असाल तर गणित वेगळं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मावतात. पाच-सहा बाजू पुरे. तबकडी बदलायला, पुसायला लागणारा वेळ धरून वीस मिनिटं होतात.

३. आवृत्ती पक्की करा

हा भाग लोक पूर्ण वगळतात. अल्बमचं नाव तेच, पण वाजतं ते तेच असेल असं नाही.

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ घ्या. १९५९ साली ध्वनिमुद्रण करताना एक टेपयंत्र किंचित मंद चालत होतं. त्यामुळे पहिली बाजू ऐकताना थोडी चढ्या सुरात, थोडी वेगात वाजायची. ही चूक १९९२ च्या आवृत्तीत दुरुस्त झाली. म्हणजे तुमची जुनी एलपी आणि मित्राच्या फोनवरचा अल्बम यांचा सूर जुळला नाही तर दोघांपैकी कुणाचंही यंत्र बिघडलेलं नसू शकतं. पेटी घेऊन बरोबर वाजवायला बसलेल्या माणसाला हे आधी सांगितलेलं बरं.

आपल्याकडचं ठळक उदाहरण गीतरामायणाचं. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये ५६ गीतं प्रसारित झाली ती अनेक गायक-गायिकांच्या आवाजात. घरोघरी पोचलेला रेकॉर्डसंच मात्र सुधीर फडक्यांच्या आवाजातला. ‘मी गीतरामायण आणतो’ म्हटल्यावर कुठलं, हा प्रश्न विचारायलाच हवा.

जुन्या हिंदी चित्रपटसंगीतात तर सापळेच सापळे आहेत. मूळ गाण्यावर वरून ढोलकी-ड्रम चढवलेल्या ‘झंकार बीट्स’च्या कॅसेटी एके काळी रिक्षा-टेम्पोतून घुमायच्या. त्यांच्याच डिजिटल प्रती आज मूळ गाणं म्हणून सापडतात. शिवाय कुणीतरी हौसेने चढवलेल्या प्रतींमध्ये वेग थोडा वाढवलेला असतो, किंवा ख्यालाची सुरुवातीची आलापी कापलेली असते.

तपासायचं कसं, तर असं:

- गाण्याची किंवा बाजूची लांबी मूळ कव्हरवर छापलेल्या वेळेशी ताडून पाहा. वीस मिनिटांच्या बाजूवर मिनिटभराचा फरक दिसला तर काहीतरी गडबड आहे.
- अल्बमच्या नावाखाली ‘बेस्ट ऑफ’, ‘गोल्डन’, ‘हिट्स’ असे शब्द असतील तर तो संग्रह आहे, अल्बम नाही. ऐकायला हरकत नाही, पण त्या क्रमाबद्दल बोलू नका.
- एचएमव्हीच्या भारतीय एलपींवर क्रमांकाआधीची अक्षरं पाहा. ईएएलपी, ईसीएलपी म्हणजे मोनो, दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज. ईएएसडी, ईसीएसडी म्हणजे स्टिरिओ, डावीकडून आणि उजवीकडून वेगळा. मोनो रेकॉर्ड वाजवताना ‘डावीकडून काहीच वेगळं येत नाही’ म्हणून वायरी उपटत बसू नका. तसं यायचंच नाहीये.

*इशारा:* मोनोला कमी लेखू नका. १९५० च्या दशकातल्या गायकीचा गळा मोनोमध्ये मधोमध, समोर बसल्यासारखा येतो. नंतर ओढूनताणून केलेल्या खोट्या स्टिरिओत तो खोलीभर विस्कटतो.

४. रेकॉर्ड वाजवणार असाल तर

फोनवरूनच ऐकवणार असाल तर पायरी ५ वर जा. बाकीच्यांनी इथे थांबा, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते परत भरून येत नाही.

*आधी तबकडी ओळखा.* १९४८ नंतरच्या एलपी विनाइलच्या, थोड्या वाकणाऱ्या. ७८ च्या तबकड्या लाखेच्या, जड आणि ठिसूळ, हातातून पडली की काचेसारखी फुटणारी. दोघींना लागणारी वागणूक वेगळी.

*धुणं.* विनाइलवर बोटांचे तेलकट ठसे किंवा पावसाळ्यातली पांढरी बुरशी असेल तर शुद्ध, म्हणजे बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या सौम्य द्रवसाबणाचा एकच थेंब टाकून मऊ मायक्रोफायबर कापडाने पुसा. हात खाचांच्या दिशेने, गोल फिरवा, आडवा नको. मग नुसत्या शुद्ध पाण्याने पुन्हा. लेबलला पाणी लागू देऊ नका. भांड्यांच्या रॅकमध्ये उभी करून सावलीत वाळवा. पंख्याखाली नको, धूळ बसते. आणि हे बैठकीच्या आदल्या दिवशी करा, पाहुणे दारात असताना नव्हे.

*इशारा, आणि हा मोठ्या अक्षरांत वाचा:* लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, कोलनवॉटर काहीही लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. माझ्या ओळखीच्या एका घरी आजोबांच्या तबकड्या करोनाच्या काळात सॅनिटायझरने ‘निर्जंतुक’ केल्या गेल्या. आता त्यांच्यावर फक्त खरखर आहे.

*सुई.* एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ ते २५ मायक्रॉनचं, ७८ च्या सुईचं ७५ च्या आसपास. एलपीची सुई ७८ च्या रुंद खाचेत थेट तळाशी, कचऱ्यात घसटत जाते. आवाज कमी, खरखर जास्त. उलट ७८ ची सुई एलपीवर ठेवलीत तर एलपीच्या खाचाच खरवडल्या जातील. काही प्लेअरच्या सुईला उलटवायची कळ असते, एका बाजूला एलपीचं टोक, दुसऱ्या बाजूला ७८ चं. बसण्याआधी कुठली बाजू खाली आहे ते बघा. आणि चावीच्या ग्रामोफोनवर, त्या पितळी भोंग्यावर, एलपी चुकूनही लावू नका. त्याची पोलादी पिन जड असते आणि ती दर बाजूला बदलायची असते.

सुईच्या टोकावरची धूळ लहान ब्रशने मागून पुढे, म्हणजे टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांडीच्या) बुडाकडून आपल्याकडे, झाडा. पुढून मागे झाडलं की सुई वाकते. फुंकर मारू नका, थुंकी उडते.

*वजन.* सुईचा दाब कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या डबीच्या, कागदावर ग्रॅममध्ये लिहिलेला असतो. बऱ्याच चुंबकी कार्ट्रिजना दीड ते अडीच ग्रॅम लागतो. ‘हलकं ठेवलं की रेकॉर्ड वाचते’ हा समज चुकीचा आहे. फार हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंतींना जास्त इजा करते. वर एक रुपयाचं नाणं ठेवायची जुनी युक्ती तर विसराच.

*वेग.* ही तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण तिला घड्याळ सोडून काही लागत नाही. फिरत्या चकतीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा. ३३⅓ वर, म्हणजे एलपीच्या वेगावर, तीन मिनिटांत नेमके १०० फेरे व्हायला हवेत. ४५ वर १३५. ७८ वर एका मिनिटात ७८. मोजताना कुणाला बोलू देऊ नका.

१०० च्या जागी १०६ फेरे आले, तर सूर अर्ध्या पट्टीने चढला. पेटीच्या काळी एकमध्ये गाणारी व्यक्ती तुमच्या घरी पांढरी दोनमध्ये गायला लागली. तीन फेऱ्यांचा फरकसुद्धा तंबोरा लावणाऱ्याच्या कानाला बोचतो. बऱ्याच प्लेअरना वेग जुळवायचा स्क्रू किंवा कळ असते. पट्टा सैल झाला असेल तर मात्र तो बदलण्यावाचून गत्यंतर नाही. अगदी जुन्या ‘७८’ तबकड्या प्रत्यक्षात कमी-जास्त वेगाने कोरलेल्या असत, तिथे कानानेच जुळवावं लागतं. बाईंचा आवाज बाहुलीसारखा वाटला तर वेग कमी करा.

*जोडणी.* टर्नटेबलचा सिग्नल अगदी क्षीण असतो. त्याला ‘फोनो’ लिहिलेलं सॉकेट किंवा वेगळा फोनो प्रीअॅम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारी डबी, लागतो. साध्या ‘ऑक्स’ सॉकेटमध्ये खुपसलंत तर आवाज दूरच्या घरातून आल्यासारखा, पातळ, खर्जच नाही असा येतो. उलट, ज्या प्लेअरमध्ये प्रीअॅम्प आतच आहे तो फोनोमध्ये जोडलात तर आवाज फाटतो. मागे बारीक स्विच असतो, तो बघा. घूंऽऽ असा आवाज येत असेल तर अर्थिंगची सुटी वायर अॅम्प्लिफायरच्या स्क्रूला लावलेली नाही.

*तपासा:* बैठकीच्या आधी जी बाजू वाजवणार ती पूर्ण एकदा वाजवून पाहिली का? सुई अडकते ती जागा आधी माहीत असली की तिथे उठून उभं राहता येतं.

५. फोन किंवा लॅपटॉपवरून ऐकवणार असाल तर

याला कमी तयारी लागते असं वाटतं. ते खोटं आहे, फक्त ती दिसत नाही.

अ) अल्बम आधी डाउनलोड करा. बैठकीच्या वेळी नेट जाणारच.

ब) फोन विमान मोडवर टाका. ‘सायलेंट’ पुरत नाही, कारण फोन आला की संगीत थांबतं.

क) शफल, म्हणजे गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारी सोय, बंद. आपोआप पुढचं लावणारी सोय बंद, नाहीतर अल्बम संपल्यावरच्या शांततेत भलतंच काही घुसतं.

ड) क्रॉसफेड शून्यावर. एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीवर चढवणारी ही सोय लग्नाच्या हॉलसाठी ठीक आहे. उलट, मधे पोकळी न सोडण्याची सोय चालू हवी. पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’सारख्या अल्बममध्ये एक गाणं दुसऱ्यात वाहत जातं. तिथे अर्ध्या सेकंदाची पोकळी म्हणजे कापडाला पडलेलं भोक.

इ) इक्वलायझर, ‘बास बूस्ट’, ‘थ्रीडी’ सगळं बंद. ही कळ फोनच्या सेटिंगमध्ये वेगळी आणि ऍपमध्ये वेगळी असते. दोन्हीकडे बघा.

ई) शक्य असेल तर वायर लावा. बऱ्याच नव्या फोनना गोल सॉकेट नसतं, त्यासाठीचा छोटा अडॅप्टर बैठकीच्या डब्यात कायमचा ठेवा. ब्लूटूथ वाईट म्हणून नव्हे, तर शेजारच्या खोलीतला टॅब मधेच त्याच स्पीकरला जोडला जातो आणि ‘बेबी शार्क’ हे बालगीत सुरू होतं म्हणून.

*इशारा:* फुकट, जाहिरातींसकट ऐकवणार असाल तर आणूच नका. सिमेंटचा अनुभव सांगितलाच.

६. खोली आणि आवाजाची पातळी

स्पीकर दोन असतील तर ते आणि ऐकणाऱ्यांची मधली जागा यांचा समभुज त्रिकोण करा. कोपऱ्यात ठोकून बसवू नका, तिथे खर्ज फुगतो आणि तबल्याचा डग्गा घुमटातून आल्यासारखा वाटतो. उघड्या फरशीवर सतरंजी, खिडकीला पडदा. पंखा दोनवर. कुकर बैठकीच्या आधी लावून टाका. तीन शिट्ट्यांची लय कुठल्याही तालात बसत नाही.

मुद्दा आहे तो पातळीचा. कानाला जो आवाज मोठा, तो जास्त चांगला वाटतो. त्यामुळे तीन अल्बमपैकी एक जोरात वाजला तर तोच ‘जिंकतो’. नवे अल्बम मुळातच जुन्यांपेक्षा चढ्या आवाजात बांधलेले असतात, म्हणून १९७२ च्या एलपीनंतर गेल्या वर्षीचा अल्बम लावला की सगळे दचकतात. आधीच प्रत्येक अल्बमचा मधला भाग लावून पातळी जुळवा आणि नॉबवर पेन्सिलीने खूण करा. गाण्याच्या अल्बमना माझं माप साधं आहे: गळ्याचा आवाज समोर बसून माणूस गातोय तेवढा यावा, आणि त्याच्या मागचा तंबोरा कान न ताणता ऐकू यावा. तंबोरा हरवला तर आवाज लहान आहे. गळा टोचला तर मोठा.

७. क्रम लावा

शांत अल्बम आधी, दणकट नंतर. एकदा ड्रम आणि गिटारने कान भरला की पुढची वीस मिनिटं त्याला रुद्रवीणा ऐकू येत नाही. उलटं चालतं. अनोळखी अल्बम पहिला किंवा दुसरा, ओळखीचा शेवटी, कारण शेवटी सगळे दमलेले असतात आणि ओळखीच्याला कमी कष्ट लागतात.

रागाच्या वेळेबद्दल आमच्यात वाद आहेत. माझं मत: संध्याकाळी सहाला तोडी लावली म्हणून आकाश कोसळत नाही, पण यमन, भूप, मारवा हाताशी असताना मुद्दाम कशाला? तोडी, ललित ऐकायचे तर रविवारी सकाळी साताला बसा. येणारे कमी होतील, जे येतील ते खरे.

काही अल्बमना स्वतःचाच प्रहर असतो. शिवकुमार शर्मा (संतूर), ब्रिजभूषण काब्रा (गिटार) आणि हरिप्रसाद चौरसिया (बासरी) यांच्या १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त मेंढपाळाचा एक दिवस आहे, पहाटेच्या अहीर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. तो वाजवायचा तर दोन्ही बाजू वाजवा आणि त्या दिवशी बाकीचे दोनच अल्बम ठेवा, तेही छोटे. नियम मोडण्यासाठीच असतात, फक्त आधी वेळ मोजून मोडा.

८. ओळख: तीन वाक्यं, जास्त नाही

इथे चांगली तयारी केलेली माणसंही घसरतात. प्रेम असतं, मग ओसंडून वाहतं. कलाकाराचं घराणं, गुरू, आजारपण, कुणीतरी काढलेले उद्गार. दहा मिनिटं गेली.

तीनच वाक्यं बोला. एक: कोण, कधीचं, कोणती बाजू. दोन: हा अल्बम तुमच्यापर्यंत कसा आला. तीन: एक जागा, जिथे कान ठेवायचा. पायरी १ मधला कागद इथे काढा.

वाईट ओळख: ‘हे ऐकून तुमच्या अंगावर काटा नाही आला तर नाव बदलीन.’ आता सगळे काटा शोधत बसणार.

चांगली ओळख: ‘ही १९७० च्या दशकातली एलपी, पहिली बाजू. वडिलांच्या कपाटात सापडली, महिनाभर रोज लावतोय. नवव्या मिनिटाला तबला क्षणभर थांबतो, तेव्हा सारंगी काय करते बघा.’

*तपासा:* तुमच्या तीन वाक्यांत ‘अप्रतिम’, ‘दैवी’, ‘शब्दांपलीकडचं’ यांपैकी काही आहे का? असेल तर खोडा.

९. वाजत असताना

फोन एका टोपलीत. यजमानाचाही, फक्त वाजणारा सोडून. उशिरा येणाऱ्याने दोन अल्बमच्या मधे आत यायचं, तोवर स्वयंपाकघरात चहा.

दाद द्यावी का? द्यावी. हे काही सिम्फनीचं सभागृह नाही. समेवर मान पडली, ‘क्या बात है’ निघालं तर निघू द्या. पण समजावून सांगणं म्हणजे दाद नव्हे. ‘आता बघ हं, आता तो वरच्या षड्जावर जाणार’ असं म्हणणाऱ्या काकांना आम्ही आता प्लेअरशेजारी बसवतो. बाजू संपली की रेकॉर्ड उलटायची जबाबदारी त्यांची. हातात काम आलं की तोंड आपोआप मिटतं.

मधेच थांबवून ‘हा भाग परत’ करू नका. परत लावायचंच असेल तर चर्चेनंतर.

१०. नंतरचं बोलणं

सुई उचलल्यावर एक मिनिट कुणी बोलायचं नाही. सुरुवातीला हे फार अवघडल्यासारखं होतं. दोन-तीन बैठकींनंतर लोक त्याच मिनिटाची वाट पाहतात.

मग ज्यांनी अल्बम आणला ते सोडून बाकीच्यांनी बोलायचं. आणणाऱ्याची पाळी शेवटी. तो आधी बोलला तर यजमानाच्या मिठाईला नावं ठेवत नाहीत तसं सगळे ‘छान, छान’ करतात. ‘आवडलं का?’ हा प्रश्न टाळा. ‘लक्ष कुठे गेलं?’, ‘कुठे कंटाळा आला?’ असं विचारा. आमच्याकडच्या एका मावशींना गाण्यातलं शास्त्र येत नाही, पण एकदा त्या म्हणाल्या, ‘ती बाई तान घेताना श्वास कुठे घेते तेच कळलं नाही.’ त्या वाक्यावर पाऊण तास गेला आणि तिसरा अल्बम पुढच्या महिन्यावर गेला.

नावडलं तर सांगा, पण अल्बमबद्दल, माणसाबद्दल नाही. ‘तुला असलंच आवडतं’ हे वाक्य बैठकीत चालत नाही.

११. नोंद आणि उसनवारी

एक वही ठेवा. तारीख, अल्बम, कलाकार, वर्ष, रेकॉर्डचा क्रमांक, कोणती बाजू, कुणी आणला, आणि कुणाचं तरी एक वाक्य. वर्षाने मागे वळून बघताना गुण किंवा तारे काही सांगत नाहीत, ते वाक्य सांगतं.

दुसऱ्या दिवशी गटावर एकच संदेश टाका: तीन अल्बमची नावं, आवृत्तीसकट, आणि अधिकृत लिंक. लिंकबरोबर ती जागासुद्धा लिहा, नवव्या मिनिटाची. आता ती लिंक उघडली जाते. आमच्या अनुभवात निदान तिघे तरी उघडतात.

रेकॉर्ड उसनी द्यायची असेल तर देण्याआधी उजेडात तिरकी धरून दोघांनी मिळून पाहा आणि ओरखडे वहीत लिहा. नेताना उभी, पिशवीत. मोटारीच्या मागच्या काचेखाली किंवा डिकीत उन्हात ठेवलेली एलपी तासाभरात पापडासारखी वाकते, आणि ती पुन्हा सरळ होत नाही. परत आली की कव्हर घेऊन ‘अरे वा’ म्हणून कपाटात सरकवू नका. आत रेकॉर्ड आहे का, तीच आहे का आणि आतली पातळ प्लास्टिकची पिशवी आहे का, हे समोरच्या माणसाच्या देखत पाहा. आमच्या वहीत गेल्या मार्चपासून एक नाट्यसंगीताचं रिकामं कव्हर नोंदलेलं आहे.